पस्तीस किलो
(रेशनची गोष्ट : भाग 6)

परवा अंधेरी पूर्वेच्या एका रेशन दुकानात उभा होतो. रांगेत पुढे एक आजी होत्या, हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पिवळं कार्ड. त्यांनी पॉस मशीनवर अंगठा ठेवला, पण यंत्राने घेतला नाही. पदराला पुसून पुन्हा ठेवला. मग तर्जनी, मग मधलं बोट. आयुष्यभर लोकांची भांडी घासलेल्या त्या बोटांवरच्या रेषा यंत्राला काही सापडेनात. पाचव्या खेपेला एकदाची पावती निघाली. गहू आणि तांदूळ मिळून 35 किलो. मागे उभी असलेली केशरी कार्डवाली बाई पुटपुटली, “एकटीला पस्तीस, आणि आमच्या चौघांना वीस!”

तिचं गणित चोख होतं. तिच्यासारख्या प्राधान्य कुटुंबांना माणशी 5 किलो मिळतं, हे आपण मागच्या भागात पाहिलं. मग आजींच्या पिवळ्या, म्हणजे अंत्योदयच्या कार्डाला वेगळा न्याय का?

अंत्योदय अन्न योजना सुरू झाली 25 डिसेंबर 2000 रोजी. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांतली सर्वांत गरीब 1 कोटी कुटुंबं निवडायची आणि त्यांना 2 रुपये किलोने गहू, 3 रुपये किलोने तांदूळ द्यायचा, अशी ती कल्पना होती. आधी महिन्याला 25 किलो मिळायचे, एप्रिल 2002 पासून 35 झाले. पुढे टप्प्याटप्प्याने कुटुंबांची संख्या अडीच कोटींवर नेली. 2013 चा अन्न सुरक्षा कायदा आला तेव्हा बाकी सगळ्यांचं धान्य माणशी मोजायचं ठरलं, पण अंत्योदयचं 35 किलो घरटी तसंच राहू दिलं. महाराष्ट्रात हा कायदा 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला.

थोडक्यात, अंत्योदयमध्ये तोंडं मोजत नाहीत, चूल मोजतात. घरात सात माणसं असतील तर दोन्हीकडे सारखंच धान्य पडतं. सातांपेक्षा कमी असतील तर अंत्योदय फायद्याचं, जास्त असतील तर तोट्याचं. नऊ जणांचं घर पिवळ्या कार्डावर 35 किलो उचलतं. तेच प्राधान्यमध्ये असतं तर 45 मिळाले असते. आजींना मिळतं ते त्यांच्या एकटेपणाला धरूनच आहे. या योजनेच्या यादीत झोपडपट्टीतले लोक, हमाल, हातगाडीवाले, फळं-फुलं विकणारे, चर्मकार, कचरा वेचणारे आहेतच. शिवाय ज्यांना कुणाचा आधार नाही अशा विधवा, अपंग, दुर्धर आजारी आणि साठीपुढची माणसं आहेत. 2001 पासून चाललेल्या अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली अशा निराधारांना अंत्योदय कार्ड द्या, असं सरकारला बजावलं होतं. एकट्या म्हातारीला 35 किलो लागत नाहीत हे खरं. पण तेल, मीठ, औषध, वीजबिल तिला कोण देणार? उरलेल्या तांदळाचं ती काय करते, हे मी विचारलं नाही.

खरी गोम पुढे आहे. उपनगरात हे पिवळं कार्ड मिळवायचं कसं?

राज्यात तीन रंगांची कार्डं 1999 साली आली. पिवळ्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली 15 हजार रुपये. म्हणजे महिन्याला साडेबाराशे, दिवसाला 41. एवढ्यात एका घराने मुंबईत जगायचं! आज दोन वडापाव आणि एक कटिंग घेतली की दिवसाचं उत्पन्न संपलं. घरी टेलिफोन नसावा, अशीही एक अट होती. ती काळानेच सोपी करून टाकली. 2013 साली प्राधान्य कुटुंबासाठी शहरात 59 हजारांची रेघ मारली गेली. तीसुद्धा महिन्याला पाच हजारांच्या आतच येते. मुलुंडला तीन घरची धुणीभांडी करणारी बाई यात प्रामाणिकपणे बसणं कठीण. माझं स्पष्ट मत आहे, की असा आकडा गरिबाला शोधत नाही, त्याला खोटं लिहायला शिकवतो.

आणि समजा, बसलात मर्यादेत. मग कार्यालयात एक शब्द ऐकायला मिळतो : इष्टांक. इष्टांक म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं याची वरून ठरवून दिलेली संख्या. महाराष्ट्रासाठी ती सुमारे 7 कोटी आहे, त्यात अंत्योदयची कुटुंबं सुमारे 25 लाख. ग्रामीण भागात 76.32 टक्के आणि शहरी भागात 45.34 टक्के लोक कायद्याखाली येतील असं गणित मांडलं, आणि त्याला आधार 2011 च्या जनगणनेचा. त्यानंतर घाटकोपरच्या डोंगरावर किती खोल्या वाढल्या, ते या आकड्याला ठाऊक नाही. म्हणून नवं नाव आत यायचं तर जुनं कुणाचं तरी जावं लागतं : कुणी वारलं, कुणी गावी परतलं, कुणाची ई-केवायसी राहिली. “इष्टांक शिल्लक नाही” हे उत्तर त्यामुळे दर वेळी खोटं नसतं. दर वेळी खरं असतं असंही नाही.

दराचं एक सांगायला हवं. 1 जानेवारी 2023 पासून अंत्योदय आणि प्राधान्य, दोघांनाही हे धान्य फुकट आहे. 2 आणि 3 रुपये हा आता इतिहास झाला. अंत्योदयच्या साखरेचे किलोला 20 रुपये मात्र द्यावे लागतात. तांदळात मधूनच पिवळसर, वेगळे दाणे दिसतात, ते प्लास्टिक समजून अजून कितीतरी घरांत निवडून टाकले जातात. ते लोह आणि जीवनसत्त्वं घातलेले पोषणयुक्त दाणे आहेत, शंभरात एक या प्रमाणात मिसळलेले. टाकू नका.

मुंबईत हे सगळं तहसीलदाराकडे नसतं, शिधावाटप नियंत्रकाकडे असतं. 1943 साली युद्धाच्या टंचाईत या शहरात रेशनिंग सुरू झालं, त्याची ही वेगळी यंत्रणा. उपनगरांतली कार्यालयं अंधेरी, कांदिवली, वडाळा अशा परिमंडळांत वाटलेली आहेत. तिथे गेलात तर तोंडी ‘नाही’ ऐकून परतू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि अंत्योदयचा इष्टांक किती, भरला किती, हेही लेखी विचारा. आणि शेजारी एखादी एकटी म्हातारी असेल, तर तिचा अर्ज तुम्ही लिहून द्या. तक्रारीसाठी राज्याचे निःशुल्क क्रमांक 1967 आणि 1800-22-4950.