जायबंदी कामगाराचा हक्क

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला, त्यानंतरच्या तीस वर्षांत शहराचे वैभव झपाट्याने वाढले; परंतु ज्या हातांनी ते उभे राहिले, त्या हातांना होणाऱ्या इजांची दखल घेण्याची निकड सरकारला बराच काळ भासली नाही. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्याची आणि अपघाताची वर्दी देण्याची तरतूद केली खरी, पण शंभराहून कमी कामगारांचे कारखाने त्यातून मोकळेच राहिले.

साचेखात्यात मागावरून सुटलेला धोटा शेजारच्या साचेवाल्याच्या डोळ्यावर बसे. फिरत्या पट्ट्यात धोतराचा सोगा अडकला, की पट्टा माणसालाच ओढून घेई. त्याच्या जागी बदलीवाला उभा राही आणि जखमी माणूस गावची वाट धरी. मालकाने हातावर काही ठेवलेच, तर ती मेहेरबानी.

या मेहेरबानीला हक्काचे रूप यावे, म्हणून गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे झटले. १८८४ च्या सप्टेंबरात साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी त्यांनी जो अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला, त्यात साप्ताहिक सुट्टीच्या जोडीला हेही कलम होते, की कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा अधू झालेल्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. रविवारची सुट्टी १८९० साली पदरात पडली व तिची कीर्ती टिकली. हे दुसरे कलम विस्मृतीत गेले, याची खंत वाटते, कारण माझ्या मते त्या अर्जाचे मोठेपण त्यातच आहे.

नुकसानभरपाईचा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. मालकाची कसूर शाबीत करण्याचे ओझे त्याने कामगाराच्या माथ्यावरून उतरवले, हा त्याचा मोठा उपकार. पण पहिल्या दहा दिवसांचे काहीच नाही, आणि पुढेही फार तर निम्मा पगार. परिशिष्टात तर अवयवांचे कोष्टकच होते: एक डोळा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के घटली असे धरावे, अंगठा गेल्यास २५, तर्जनीस १०, इतर बोटास ५. तुटलेला धागा बोटांच्या चिमटीने सांधणाऱ्या विणकराला हा हिशेब मान्य होणे अशक्य होते.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने सुरू झालेल्या योजनेत नोंदलेल्या कामगारास तात्पुरत्या अपंगत्वात आज वेतनाच्या ९० टक्के मिळतात. पण त्यासाठी आधी नोंद हवी; भोसरी-चाकणच्या कारखान्यांत प्रेसवर कंत्राटाने राबणाऱ्या पोराचे नाव त्या नोंदवहीत पहिल्याच दिवशी चढावे, एवढे तरी कारखानदारांनी करावे. लोखंड्यांनी मागितला होता तो पूर्ण पगार. तो देणे अजून बाकी आहे.