मित्र म्हणून आणलेली कोळंबी

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात जिवंत प्रवाळ जोपासण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत अनेक दशकांपासून रूढ आहे. भारतातील मोठ्या शहरांतही त्याचे चाहते आहेत. मात्र काचेच्या पेटीत समुद्राचा एक कोपरा उभा करायचा, तर केवळ मासे आणि प्रवाळ पुरत नाहीत. उरलेले अन्न, मृत जीव आणि शेवाळ खाऊन टाकणाऱ्या प्राण्यांचीही गरज भासते. गोगलगाई, शंखात राहणारे खेकडे आणि कोळंब्या यांची नेमणूक या सफाईच्या कामावर केली जाते. यापैकी कोळंबी हा सर्वांत देखणा, पण सर्वांत फसवा कर्मचारी ठरू शकतो.

कोळंबी कशासाठी?

पेटीतील रचनेसाठी समुद्रातील सच्छिद्र खडक वापरले जातात. त्यांच्यासोबत अनेकदा एप्टेसिया नावाचे छोटे, तपकिरी समुद्रपुष्प नकळत घरात येते. ते वेगाने पसरते आणि आपल्या दंशपेशींनी शेजारच्या प्रवाळांना इजा करते. त्याला खरवडून काढण्याचा प्रयत्न बहुधा अंगाशी येतो. खडकाला चिकटून राहिलेल्या लहानशा तुकड्यापासूनही नवे समुद्रपुष्प तयार होऊ शकते.

यावरचा नैसर्गिक उपाय म्हणजे 'पेपरमिंट' कोळंबी. लिस्माटा या प्रजातीतील ही कोळंबी पश्चिम अटलांटिक महासागरातील असून ती एप्टेसिया खाते. तिच्या या उपयुक्ततेला २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दुजोरा दिला. पुढे २००६ मध्ये या कोळंब्यांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा आजवर एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटात प्रत्यक्षात अनेक जाती असल्याचे स्पष्ट झाले. त्या अभ्यासात चार नव्या जातींचे वर्णन करण्यात आले. थोडक्यात, दुकानात एका नावाने मिळणारी प्रत्येक कोळंबी एकाच सवयीची असेल, याची खात्री देता येत नाही.

नावाचा घोटाळा

खरा अनर्थ होतो तो वेगळ्याच कोळंबीमुळे. 'कॅमल' म्हणजे उंट कोळंबी हीदेखील तांबड्या-पांढऱ्या रेषांची असते आणि कधीकधी पेपरमिंट म्हणूनच विकली जाते. तिचे शास्त्रीय कूळच निराळे आहे. 'ऱ्हिंकोसिनेटिस' या तिच्या प्रजातिनामाचा अर्थ 'हलणारी चोच' असा आहे. डोक्यावरचा टोकदार काटा बिजागरीसारखा वरखाली होतो, ही तिची निश्चित खूण. पाठीवरचा उंचवटा, मोठे डोळे, गडद तांबडा रंग आणि त्यावर पांढऱ्या रेषा व ठिपके यांवरूनही ती ओळखता येते. पेपरमिंट कोळंबीचे शरीर याउलट अर्धपारदर्शक असून त्यावर बारीक लाल रेषा असतात. तिच्या डोक्यावरचा काटा हलत नाही.

उंट कोळंबी दिवसा कपारीत समूहाने बसून राहते आणि रात्री बाहेर पडते. बटणासारखे दिसणारे झोअँथिड आणि छत्रीच्या आकाराचे मश्रूम प्रवाळ हे मऊ अंगाचे जीव ती कुरतडून खाते. सकाळी मालकाला केवळ मिटलेले किंवा नाहीसे झालेले प्रवाळ दिसतात. अपराधी मात्र कपारीत शांत बसलेला असतो.

दोष भुकेचा

पेपरमिंट कोळंबीही पूर्णतः निर्दोष नाही. याचे कारण प्राण्यांच्या वर्गीकरणात दडले आहे. एप्टेसिया आणि प्रवाळ हे दोन्ही दंशपेशी बाळगणाऱ्या एकाच संघातील प्राणी आहेत. माणसाच्या दृष्टीने एक तण आहे आणि दुसरे मौल्यवान रोप. कोळंबीला हा भेद ठाऊक नसतो. त्यामुळे एप्टेसिया संपले आणि दुसरे अन्न मिळाले नाही, तर ती झोअँथिडकडे किंवा मांसल प्रवाळांकडे वळू शकते. उलट तिला भरपूर खाऊ घातले, तर ज्या कामासाठी आणले त्या एप्टेसियाकडे ती ढुंकूनही पाहत नाही. हा तोल सांभाळणे हीच मालकाची कसोटी असते.

माशांच्या अंगावरील परजीवी टिपणारी, पाठीवर पांढरा पट्टा असलेली 'क्लीनर' कोळंबी प्रवाळ खात नाही. पण प्रवाळाने पकडलेला घास ती त्याच्या मुखातून ओढून काढते. या ओढाताणीत प्रवाळाचे नाजूक ऊतक फाटू शकते आणि वारंवार असे घडल्यास तो उपाशी राहतो.

शिक्षेपूर्वी चौकशी

प्रवाळावर कोळंबी बसलेली दिसली म्हणजे तिनेच तो मारला, असे मात्र समजू नये. मरू लागलेल्या प्रवाळाचे कुजणारे ऊतक खाणे हे तिचे नेहमीचेच काम आहे. म्हणून प्रथम पाण्याची क्षारता, तापमान आणि प्रकाश तपासावा. त्यानंतर दिवे मालवल्यावर लाल प्रकाशाच्या विजेरीने निरीक्षण करावे. निरोगी, उमललेल्या प्रवाळाचे लचके तोडताना ती दिसली, तरच आरोप सिद्ध झाला असे म्हणता येईल.

दोषी कोळंबीला पकडण्यासाठी प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा बसवावा आणि आत अन्नाचा तुकडा ठेवून बाटली रात्रभर पेटीत ठेवावी. नंतर कोळंबी दुकानदाराला परत द्यावी किंवा केवळ मासे असलेल्या पेटीत हलवावी. परदेशी जीव खाडीत अथवा समुद्रात सोडणे कटाक्षाने टाळावे. तिला मारण्यासाठी पेटीत तांबेयुक्त औषध टाकणे तर आत्मघातकीच, कारण ते प्रवाळांनाही मारते.

पेटीतील प्रवाळांबाबत इतकी दक्षता घेताना समुद्रातील प्रवाळांचाही विसर पडू नये. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या किनाऱ्यालगत प्रवाळ आहेत आणि तेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले. प्रवाळभित्ती घडविणाऱ्या प्रवाळांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. ते समुद्रातून काढून आणणे हा गुन्हा आहे.

समुद्रात काही कोळंब्या प्रवाळांच्या रक्षकही असतात. 'अल्फियस लॉटिनी' ही कोळंबी ज्या प्रवाळाच्या फांद्यांत राहते, त्यावर चाल करून येणाऱ्या काटेरी तारामाशाला हुसकावून लावते. तेव्हा कोळंबी ही जात मित्र की शत्रू, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणती जात, तिला काय खायला मिळते आणि ती कोणाच्या शेजारी राहते, यांवर ते अवलंबून आहे. खरेदीपूर्वी दुकानातील काचेसमोर पाच मिनिटे उभे राहून तिच्या डोक्यावरचा काटा हलतो का, एवढे पाहिले, तरी अनेक प्रवाळांचे प्राण वाचतील.