कच्च्या लिंबावर राज्य कधी येणार?

जानेवारी 2023 मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी नागपूरच्या पारडी भागात ‘अनुभूती इन्क्लुझिव्ह पार्क’ उभं राहत असल्याची माहिती दिली. 90 हजार चौरस फूट जागा, सुमारे 12 कोटी रुपये खर्च, स्पर्श आणि गंधाची बाग, जलोपचाराची सोय, दिव्यांग हक्क कायद्यातल्या सगळ्या 21 प्रकारच्या दिव्यांगांचा विचार आणि जगातलं सर्वांत मोठं दिव्यांग उद्यान असल्याचा दावा. आपल्या शहरात असं काही होतंय याचा आनंद झालाच. पण उद्यान जगात पहिलं की दुसरं, यापेक्षा मला एक साधा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तिथे गेलेलं मूल खेळणार कोणाबरोबर?

त्या 21 प्रकारांत एक असा आहे, जो बघून ओळखू येत नाही: अध्ययन अक्षमता. या मुलाला उताराची वाट लागत नाही की कठड्याचा आधार लागत नाही. घसरगुंडीवर ते सगळ्यांच्या आधी चढतं. त्याची अडचण वहीत दिसते. अक्षरं उलटसुलट होतात, पाढे निसटतात, वाचताना ओळ सुटते. आपली सगळी चर्चाही त्या वहीभोवतीच फिरते. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र आणलं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. हे हक्क पालकांनी आणि डॉक्टरांनी झगडून मिळवले आहेत आणि ते हवेतच. पण सुट्टीची घंटा झाल्यावर मैदानात जादा वेळ कोणी देत नाही.

मैदानाची स्वतःची एक सवलत मात्र आहे आणि ती मुलांनीच शोधलेली आहे. महाल असो की धरमपेठ, संध्याकाळी गल्लीत पकडापकडी सुरू झाली आणि कोणाचं धाकटं भावंड मागे लागलं, की मोठी मुलं त्याला ‘कच्चं लिंबू’ करून घेतात. ते पळतं, हसतं, ओरडतं. पकडलं तरी ते बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. चार वर्षांच्या भावंडासाठी ही फार प्रेमळ सोय आहे. वर्ष-दोन वर्षांत ते पक्कं होतं आणि डावात रीतसर येतं. गोष्ट बिघडते ती नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्याच वर्गातली मुलं कच्चं लिंबू ठरवतात तेव्हा. ते मैदानात दिसतं, म्हणून शिक्षकांना वाटतं की खेळतंय. प्रत्यक्षात त्याच्या असण्या-नसण्याने डावात काहीच फरक पडत नसतो, आणि हे सगळ्यांच्या आधी त्याला स्वतःला कळतं.

हे नुसतं वाटणं नाही. अमेरिकेत टॅनिस ब्रायन या संशोधिकेने 1974 साली वर्गातल्या मुलांनाच कोण आवडतं, कोण नाही हे विचारलं. अध्ययन अक्षमता असलेली मुलं नावडत्यांच्या यादीत जास्त सापडली. पुढे केनेथ कावाले आणि स्टीव्हन फॉर्नेस यांनी 1996 साली अशा 152 अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा या मुलांपैकी साधारण चारांत तिघांना इतरांशी जुळवून घेण्यात अडचण असल्याचं दिसलं. चौथ्याला नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. डिस्लेक्सिया असलेली कितीतरी मुलं गल्लीची नायक असतात.

अडचण येते कुठून, हे समजायला आपला खो-खोच घ्या. आठ जण पाटीवर बसलेले, शेजारच्यांची तोंडं विरुद्ध दिशांना. पाठलाग करणारा मागून येतो, पाठीला हात लावतो आणि ‘खो’ म्हणतो. त्या एका क्षणात बसलेल्या मुलाने काय काय करायचं असतं? खो आपल्यालाच मिळाला हे ओळखायचं. आपलं तोंड ज्या बाजूला आहे त्या बाजूने निघायचं. मधली रेषा ओलांडायची नाही. एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत उलटं फिरायचं नाही. शिवाय पळणारा कुठे आहे हे डोक्यात ठेवायचं. ज्या मुलाचं डावं-उजवं पटकन ठरत नाही, ज्याला ऐकलेल्या शब्दाचा अर्थ लागायला इतरांपेक्षा क्षणभर जास्त लागतो, ज्याच्या ध्यानात एका वेळी दोनच सूचना राहतात, ते मूल उठायला उशीर करतं किंवा चुकीच्या बाजूला धावतं. दोनदा असं झालं की कप्तान त्याच्याकडे खो नेतच नाही. मेंदूतली अडचण क्षणभराची होती, पण तिच्यामुळे ते अख्ख्या वर्षाच्या सरावाला मुकतं.

इथे मला एका माणसाबद्दल थोडं जास्त बोलायचं आहे. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की. आपल्याकडे बी.एड., डी.एड.च्या पुस्तकांत त्यांच्या नावावर एक परिच्छेद असतो: मूल एकट्याने काय करू शकतं आणि मदतीने काय करू शकतं, यातलं अंतर. परीक्षेला तो हमखास येतो. त्यांनी 1920 च्या दशकात मॉस्कोमध्ये अपंग आणि मंदगती मुलांसाठी जे काम उभं केलं, त्याचा मात्र त्या पुस्तकांत पत्ता नसतो. त्यांचं म्हणणं असं होतं की मुलाचं मूळ न्यून एक असतं आणि त्या न्यूनामुळे समूहाबाहेर पडल्याने जे दुसरं न्यून तयार होतं ते वेगळं असतं. पहिलं बरंचसं शरीराचं असतं, त्यावर इलाज मर्यादित. दुसरं माणसांनी तयार केलेलं असतं, म्हणून ते माणसांना दुरुस्तही करता येतं. खो-खोच्या पाटीवर नेमकं हेच घडताना दिसतं. वायगॉट्स्की 1934 साली वयाच्या अवघ्या 37व्या वर्षी क्षयाने गेले. दोन वर्षांनी सोव्हिएत सरकारने ते ज्यात काम करत त्या बालविकासाच्या सगळ्या शाखेवरच बंदी आणली आणि पुढची वीसेक वर्षं त्यांची पुस्तकं छापली गेली नाहीत. नाहीतर विशेष शिक्षणाचा इतिहास कदाचित वेगळा लिहिला गेला असता, असं मला मनापासून वाटतं.

खेळावर त्यांनी 1933 साली एक व्याख्यान दिलं होतं. खेळ म्हणजे मनाला येईल तसं वागणं, ही समजूत त्यांनी त्यात खोडून काढली. खेळात मूल स्वतःला आवरतं आणि ते आवरण्यातच त्याला मजा येते. गोळीला खेळात ‘दगड’ म्हटलं असेल तर हातात असूनही मूल ती तोंडात टाकत नाही. त्यांच्याच परंपरेतल्या मानुइलेन्को यांनी 1948 साली हे तपासून पाहिलं. लहान मुलांना नुसतं ‘हलू नका, उभे राहा’ सांगितलं तर ती थोड्याच वेळात चुळबुळू लागत. पण ‘तू पहारेकरी आहेस’ म्हटलं की तीच मुलं कितीतरी जास्त वेळ निश्चल उभी राहत. वर्गात पाच मिनिटं न बसणारा मुलगा खो मिळेपर्यंत उकिडवा बसून राहतो, त्याचं कारण हे आहे. तेव्हा आपल्या पाळीची वाट पाहणं, थांबणं, दुसऱ्याकडे लक्ष ठेवणं हे ज्या मुलाला शिकवायचं आहे, त्याला पाटीवरून उठवणं म्हणजे औषधाची बाटलीच काढून घेणं.

याउलट आपण काय करतो? वेगळ्या खोलीत ‘सोशल स्किल्स’चा वर्ग लावतो. समुपदेशक समोर बसून शिकवतात: डोळ्यांत बघून बोल, आधी विचार, मग खेळायला जा. अशा प्रशिक्षणांवरच्या 53 अभ्यासांचा हिशेबही फॉर्नेस आणि कावाले यांनी 1996 सालीच मांडला होता. परिणामाचं माप निघालं 0.21. सोप्या भाषेत, शंभर मुलांच्या रांगेत मधोमध, 50व्या जागी असलेलं मूल प्रशिक्षणानंतर 58च्या आसपास पोचतं. काही आठवड्यांत आत्मविश्वासाची हमी देणाऱ्या जाहिराती वाचताना पालकांनी हा आकडा जवळ ठेवावा. खोलीत पाठ केलेलं वाक्य मैदानावर उपयोगी पडत नाही, कारण मैदानावरच्या मुलांचं त्याच्याविषयीचं मत त्या खोलीत बदललेलं नसतं.

मग काय केलं तर बदलतं? मला सगळ्यांत पटलेली युक्ती डॅनियल लेगॉफ या मानसतज्ज्ञाची आहे. त्यांच्या दवाखान्यात येणारी ऑटिझमची दोन मुलं, एरवी कोणाशी न बोलणारी, बाहेरच्या खोलीत लेगोचे ठोकळे घेऊन एकमेकांत रमलेली त्यांना दिसली. त्यातून त्यांनी एक खेळ बसवला आणि 2004 साली त्यावर निबंध लिहिला. तीन मुलं, तीन कामं. एकाकडे चित्र: तो इंजिनिअर, सांगायचं त्याने, ठोकळ्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्याकडे ठोकळ्यांचा ढीग: मागितलेला तुकडा शोधून द्यायचा. तिसरा बांधणारा. ‘लाल दे’ म्हटलं तर पाच प्रकारचे लाल निघतात, म्हणून इंजिनिअरला सांगावंच लागतं: लाल, लांबट, चार ठिपक्यांचा. देणाऱ्याला विचारावं लागतं: हा का? बांधणाऱ्याला थांबावं लागतं. घर वाकडं झालं तर ते तिघांनाही दिसतं आणि तिघांनाच सरळ करावं लागतं. मग कामं बदलायची. शब्द पटकन न आठवणारं मूल इंजिनिअर झालं की इतर दोघांना त्याच्या तोंडाकडे बघत थांबावंच लागतं. त्यांना दुसरा मार्गच नसतो! या खेळात कच्च्या लिंबाला जागा नाही, कारण तिघांतला एक गळला की घरच होत नाही.

इथेही हुरळून जायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये 98 शाळांतल्या 250 ऑटिस्टिक मुलांवर या पद्धतीची काटेकोर चाचणी झाली. शिक्षकांना सुधारणा दिसली, पण ती लहान होती, सुमारे 0.18. म्हणजे ठोकळ्यांत जादू नाही. महागडे डबे विकत आणण्याचीही गरज नाही. रांगोळीचे ठिपके, पत्ते, रिकाम्या काड्यापेट्या, काहीही चालेल. घ्यायची आहे ती कामांची वाटणी, आणि ती रोजच्या खेळात मुरवायला हवी. आठवड्यातून एकदा पाऊण तास खेळल्याने फार काही होईल अशी आशा करू नये.

आपल्या सणसमारंभांतला संगीत खुर्ची हा खेळ या दृष्टीने एकदा नीट पाहा. गाणं थांबल्याचं ज्याला उशिरा कळतं ते मूल पहिल्याच फेरीत बाद होतं आणि उरलेला सगळा वेळ कडेला उभं राहतं. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, त्याला सर्वांत कमी सराव. कॅनडाच्या टेरी ऑर्लिक यांनी 1970 च्या दशकात हा खेळच उलटा केला. दर फेरीला खुर्ची काढायची, मूल काढायचं नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून उरलेल्या एका खुर्चीवर मावायचं. 1994 साली चार-पाच वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे सहकाराचे खेळ खेळताना मारामाऱ्या कमी झाल्या आणि स्पर्धेचे खेळ खेळताना वाढल्या. येत्या गणपतीत एखाद्या मंडळाने ही उलटी खुर्ची लावून पाहावी.

आणि आपल्या विदर्भातल्या मुलींच्या भुलाबाईला तर मी या बाबतीत सगळ्यांच्या वर ठेवीन. गाणी झाली की झाकलेला डबा हलवायचा आणि खाऊ ओळखायचा. गोड की तिखट, कोरडा की ओला, आवाज खुळखुळतो की दबका येतो? एकाच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला पुढचा प्रश्न सुचवतं. कोणी बाद होत नाही, चुकलेला अंदाजही सगळ्यांच्या उपयोगी पडतो आणि शेवटी खाऊ सगळ्यांना मिळतो. भाषा, तर्क आणि पाळी पाळणं, तिन्हींचा सराव. कोजागिरीपर्यंतच का थांबवायचं हे? मुलग्यांनाही त्यात घ्यावं, वर्षभर खेळावं. गल्लीतली साखळीही तशीच. पकडलेला बाहेर न जाता हात धरून साखळीत येतो आणि टोकाचा हात कितीही हळू असला तरी त्याच्याशिवाय साखळी पुरी होत नाही.

नागपुरात विशेष मुलांसाठीच्या कामाची जुनी परंपरा आहे. कमलाताई होस्पेट यांनी 1921 साली सुरू केलेल्या मातृसेवा संघाने मतिमंद मुलांसाठी ‘नंदनवन’ ही शाळा चालवली. आज अशा विशेष शाळा एका बाजूला आहेत, आणि अध्ययन अक्षमतेची मुलं दुसऱ्या बाजूला, साध्या शाळांच्या मागच्या बाकांवर. वायगॉट्स्कींनी 1931 साली वेगवेगळ्या कुवतीच्या मुलांनी आपणहून केलेल्या गटांचं मोल आवर्जून सांगितलं होतं. पारडीच्या उद्यानासारख्या जागेत आठवड्यातून काही संध्याकाळी विशेष शाळांची, साध्या शाळांची आणि वस्तीतली मुलं एकत्र येतील, त्यांच्यात खेळ लावून देणारा एखादा प्रशिक्षित ताई-दादा असेल, तर त्या 12 कोटींचं चीज होईल. स्पर्शाची बाग बांधून होते. खेळगडी मात्र असे बोलावून आणावे लागतात.

शाळांना तर एवढीही वाट पाहायला नको. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 16 मध्ये शाळांनी या मुलांना शिक्षणाबरोबरच खेळ आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची, असं स्पष्ट म्हटलं आहे. तरीही वाचन कच्चं असलेल्या मुलाचा जादा तास अनेक ठिकाणी नेमका खेळाच्या तासाला लावला जातो, कारण इतर विषय बुडवता येत नाहीत. मुख्याध्यापकांनी या आठवड्यात आपलं वेळापत्रक उघडून एवढं एक बघावं आणि तो जादा तास तिथून हलवावा. पालकांनीही हे शाळेत जाऊन विचारावं. कायदा तुमच्या बाजूने आहे.