न भरणारी टाकी

मांजरीत घरांच्या सांडपाण्याचे आराखडे करताना एक वाक्य मला वारंवार ऐकायला मिळते : ‘आमची टाकी पंधरा वर्षांत एकदाही भरली नाही.’ सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो. मला मात्र जवळपास विहीर आहे का, हे आधी विचारावेसे वाटते.

मुळा-मुठेकाठचे मांजरी बुद्रुक 2021 मध्ये पुणे महापालिकेत आले. इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. भुयारी गटारांचा वेग तेवढा नव्हता. जिथे गटार पोहोचलेले नाही, तिथे घराची सारी भिस्त सेप्टिक टँकवर.

ही टाकी पाण्याने पहिल्या काही दिवसांतच भरते आणि भरलेलीच राहायला हवी. स्थिर पाण्यात जड मैला तळाशी बसतो, तेलकट अंश तवंग होऊन तरंगतो आणि हवेविना जगणारे जिवाणू गाळ हळूहळू कुजवतात. मधल्या थरातलेच पाणी बाहेर जावे म्हणून नळांना ‘टी’ जोडतात, टाकीत आडभिंत घालतात. तरीही बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतातच. ते गाळण्याचे काम शोषखड्ड्याभोवतीची माती करते. म्हणून पिण्याच्या पाण्याची विहीर त्यापासून किमान 18 मीटर लांब हवी. काळ्या चिकण जमिनीत पाणी सहज मुरत नाही. तिथे खड्ड्यात पाणी ओतून पातळी किती वेळात उतरते, हे आधी मोजावे लागते.

भारतीय मानक संस्थेच्या 1985 च्या संहितेत, आयएस 2470 मध्ये, पाच माणसांसाठी 1.5 मीटर लांब, 0.75 मीटर रुंद आणि 1 मीटर पाण्याची खोली असलेली टाकी सुचवली आहे. म्हणजे सुमारे 1,100 लिटर. पण हे माप दर दोन वर्षांनी गाळ उपसला जाईल, असे धरून काढलेले आहे. आकार ठरतो तेव्हाच सफाईची मुदतही ठरते. ती पाळली नाही, तर साचलेला गाळ पाण्याला थांबायला जागा ठेवत नाही आणि मैला थेट शोषखड्ड्यात जातो. पंधरा वर्षे न उपसलेली टाकी एक तर तळातून झिरपत असते, नाहीतर गाळ बाहेर सोडत असते.

उपसायची वेळ येते तेव्हा प्रश्न माणसाच्या जिवाचा होतो. मार्च 2023 मध्ये लोणी काळभोरजवळच्या कदमवाकवस्तीत टाकी साफ करताना चार जण गेले. आत साचलेला हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाक बधिर होते. वास येईनासा झाला तरी धोका कायम असतो. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले. पण झाकण फरशीखाली गाडलेले असेल आणि मैला उपसणाऱ्या गाडीचा पाइप पोहोचत नसेल, तर मालक पहार आणि मजूर शोधतो. म्हणून प्रत्येक कप्प्यावर उघडता येणारे झाकण आणि तिथवर गाडीची वाट, हे मी आराखड्यात टाकीच्या मापांइतकेच पक्के धरतो.

सातारा जिल्ह्यातल्या वाई नगरपालिकेने 2018 पासून ठरावीक वेळापत्रकाने टाक्या उपसायला सुरुवात केली : तीन वर्षांतून एकदा प्रत्येक घर, आणि गाळ थेट प्रक्रिया केंद्रात. तिथे टाकी तुंबण्याची वाट पाहावी लागत नाही. वेळापत्रक नसलेल्या गावात ती तारीख घरानेच लिहून ठेवायची असते : वीजबिलाच्या फाइलमध्ये, शेवटच्या उपशाच्या पावतीसोबत.