बालपणीचं टेन्शन : त्याचं वेगळं, तिचं वेगळं!

टेन्शन! आपल्या ऑफिसातला सगळ्यात लाडका शब्द. डेडलाइनचं टेन्शन, ईएमआयचं टेन्शन, अप्रेझलचं तर विचारूच नका. पण हे टेन्शन वीकेण्डला थोडं तरी उतरतं. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बसलेला ताण मात्र मोठेपणीही पाठ सोडत नाही. आणि त्याचं बिल 'त्याला' एक येतं, 'तिला' दुसरंच! हे सांगितलंय लॅबमधल्या उंदरांनी.

मुंबईच्या टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य यांच्या टीमने उंदरांच्या पिल्लांना जन्मानंतर दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास आईपासून दूर ठेवलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल चक्रावणारा होता. तरुणपणी ही पिल्लं काही चाचण्यांत चक्क सरस ठरली, पण मध्यमवयात त्यांची स्मरणशक्ती घसरली. म्हणजे आज सगळं झकास दिसतंय म्हणून हिशेब मिटला, असं नाही.

अमेरिकेत टॅली बराम यांच्या प्रयोगशाळेने वेगळा फंडा वापरला. आईला पिल्लांपासून तोडलंच नाही, फक्त घरट्यासाठीचं सामान अगदी कमी दिलं. तेवढ्यानेच आईची माया तुटक झाली. मोठेपणी नरांचा गोडधोड आणि खेळण्यातला रस कमी झाला. माद्यांचं उलटंच : गोड खाण्याची ओढ वाढली, हेरॉइनची सवय सुटल्यावरही त्या पुन्हा तिकडे वळू लागल्या. ताण तोच, वाटा दोन!

मग हे आधी का नाही कळलं? कारण माद्यांना विचारतंय कोण! हार्मोन्सच्या चक्रामुळे निकाल गोंधळतात, या समजुतीने त्यांना बाहेरच ठेवलं जायचं. २००९ मधल्या मेंदूविज्ञानाच्या संशोधनात फक्त नरांवरचे अभ्यास फक्त माद्यांवरच्या अभ्यासांच्या साडेपाच पट होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून संशोधकांना नर-मादी दोघांचाही विचार करायला लावला, तेव्हा कुठे चित्र बदलू लागलं.

आता लॅबमधून थेट नगर जिल्ह्यात. कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यामुळे देशभर नाव झालेला हा जिल्हा. याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुक्काम पाचटाच्या कोपीत, काम पहाटेपासून. तान्हं बाळ फडाच्या कडेला झोळीत, आणि त्याच्याकडे बघायला बरेचदा थोरली बहीण, जी स्वतःच लहान असते.

उंदरांचे निकाल माणसांवर जसेच्या तसे चिकटवायचे नसतात, हे पक्कं. कोपीत वाढलेलं प्रत्येक मूल बिघडतं, असं तर मुळीच नाही. पण प्रयोगातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिथे आई वाईट नव्हती, तिच्याकडे सामान कमी होतं. तेव्हा उपदेश आईला नको, मदत तिच्या घरट्याला हवी. फडाजवळ पाळणाघर, बाळंतपणानंतर विश्रांती, आणि गावातच राहून शिकता येईल अशी सोय.

राज्य सरकारने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. मुलांसाठी ४१ आणि मुलींसाठी ४१ वसतिगृहं. कागदावर तरी बरोबरीचा हिशेब! आता खोल्यांसोबत परिणामही वेगवेगळे मोजायला हवेत. दंगा करणारा मुलगा लगेच नजरेत येतो. धाकट्याला कडेवर घेऊन गप्प बसलेल्या मुलीला मात्र आपण 'किती समजूतदार!' म्हणतो आणि पुढे जातो. ती खरंच समजूतदार आहे, की तिचं बिल अजून यायचंय? हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही, बॉस!