जकात गेली, एलबीटीही गेला

मेढ्यातल्या किराणा दुकानदाराला नगरपंचायतीची मागणी येते ती मुख्यतः गाळ्याच्या घरपट्टीची. विक्री किती झाली, हे तिथे कुणी विचारत नाही. सांगलीत मात्र, तिथे महापालिका असल्याने, एलबीटीच्या काळात ते विचारले गेले होते.

नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली; महापालिकांची राहिली. नाक्यावर ट्रक थांबायचा, पावती फाटायची, मग माल शहरात. पुढे या जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. २०१३ पर्यंत मुंबई सोडून सगळ्या महापालिकांत. नाका हटला, पण बाहेरून आणलेल्या मालाचा हिशेब ठेवून कर भरायचे काम व्यापाऱ्याच्या गळ्यात पडले. दप्तर तपासणीच्या धास्तीने ठिकठिकाणी बाजारपेठा बंद राहिल्या. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या उलाढालीला सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलासुरला करही संपला.

आता महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळते. व्यापाऱ्याची कटकट कमी झाली, हे खरेच. पण शहराची बाजारपेठ तेजीत आली म्हणून महापालिकेच्या तिजोरीत थेट भर पडत नाही; हप्त्यासाठी मंत्रालयाकडे बघावे लागते. मला हा सौदा महागच वाटतो. आणि व्यवसाय कर? वर्षाला जास्तीत जास्त २५०० रुपयांचा तो करही महाराष्ट्रात राज्यच घेते.