जीपचा आल्टरनेटर : दुरुस्त करावा की नवा घ्यावा?



दवाखान्याच्या जीपचा खर्च आपल्या देणग्यांतूनच भागतो. म्हणून या तिमाहीत तिच्या एका भागाबाबत काय ठरवले आणि का ठरवले, ते सविस्तर लिहीत आहे. ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे, त्यांनाही याचा उपयोग होईल.

आपली जीप २००९ सालची, डिझेलवर चालणारी. धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवर औषधे आणि परिचारिका पोहोचवायची, आणि रात्री-अपरात्री अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंशाचा रुग्ण खाली आणायचा, ही तिची कामे. जूनच्या सुरुवातीला आमच्या चालकभाऊंनी सांगितले की, इंजिन चालू असतानाही चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो आणि पट्ट्याच्या बाजूने गुरगुर ऐकू येते. पावसाळा तोंडावर होता.

आल्टरनेटरला गॅरेजात अजून पुष्कळजण डायनामोच म्हणतात. इंजिनच्या पट्ट्यावर तो फिरतो. आतल्या रोटरला दोन लहान कार्बन घासत घासत वीज पुरवतात, त्यामुळे रोटर चुंबक बनतो. भोवतीच्या स्टेटरच्या तांब्याच्या वाइंडिंगमध्ये वीज तयार होते. डायोड प्लेट ती एकाच दिशेने वळवते, आणि रेग्युलेटर, म्हणजे कारागिरांच्या भाषेत कटआउट, तिला १४ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो.

तो बंद पडला तर काय होते? जुने डिझेल इंजिन काही काळ चालत राहते, पण सगळा भार बॅटरीवर येतो. पुढचे दोन दिवेच सुमारे १० अँपिअर ओढतात. वायपर, मागचे दिवे आणि काच पुसट होऊ नये म्हणून लावलेला पंखा धरला, की भार १५च्या पुढे जातो. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर पाच तास पुरेल, पण जुनी असेल तर दोन तासांतच दिवे पिवळे पडतात. चांदसैली घाटात धुके उतरलेले असताना हे परवडणारे नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अशा अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. पट्टा तुटला किंवा आल्टरनेटर जाम झाला, तर थोड्याच वेळात ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक होते. म्हणून आम्ही हा प्रश्न केवळ विजेचा मानला नाही.

पैसे खर्च करण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते पाहिले. पट्टा सैल आहे का, बॅटरीचे टोक गंजले आहे का, अर्थिंगची तार घट्ट आहे का, हे तपासायला काहीच खर्च येत नाही. मग मल्टिमीटर लावला. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. आपल्याकडे दिवे लावल्यावर १२.४च दिसत होते. काही कारागीर चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून 'डायनामो चालतो का' ते बघतात. तसे कुणालाही करू देऊ नका. त्या झटक्याने चांगले डायोडही जळतात.

शहाद्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने आल्टरनेटर समोर उघडून दाखवला. पंपाचे सील गळून तेल आत आले होते आणि कार्बन चिकट होऊन झिजले होते. एक डायोड गेला होता, बेअरिंग वाजत होती. मात्र स्टेटरचे वाइंडिंग तांबूस, स्वच्छ होते, रोटरची कॉइल शाबूत होती, स्लिप रिंगवर खोल चर नव्हते आणि बॉडीला तडा नव्हता.

निर्णय इथेच ठरतो. कार्बन, बेअरिंग, सील, डायोड प्लेट आणि कटआउट ही झिजणारीच माणसे समजा. ती बदलली की यंत्र पुन्हा उभे राहते. पण वाइंडिंग काळे पडले असेल, रोटर जळला असेल किंवा बॉडी फुटली असेल, तर दुरुस्तीच्या मागे लागू नये. हाताने पुन्हा भरलेले वाइंडिंग किती टिकेल, हे कारागिराच्या हातावर अवलंबून असते.

आता हिशोब. नामांकित कंपनीच्या नव्या आल्टरनेटरचा पंपासह भाव आम्हाला रु. ९,८०० सांगितला गेला. सर्व झिजलेले भाग आणि पंपाचे सील बदलून दुरुस्तीचा अंदाज रु. ४,२०० होता. दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीपेक्षा महाग पडत असेल तर नवाच घ्यावा, हा साधा नियम आम्ही वापरला. बाजारात बिननावाचा नवा माल रु. ५,५००लाही मिळत होता. तो नाकारला, कारण त्याच्यापेक्षा आपला मूळ तांब्याचा गाभा अधिक भरवशाचा होता. शिवाय १५ वर्षांनंतर जीपची नोंदणी पाच वर्षांसाठी, म्हणजे २०२९ पर्यंत, वाढवून घेतली आहे. तेवढ्या काळासाठी ही दुरुस्ती पुरेशी वाटली.

दुरुस्तीला दोन दिवस लागणार होते. ते दिवस दवाखान्याच्या फेऱ्या नसतील असे पाहून ठरवले आणि रात्रीच्या निकडीसाठी तालुक्यातली एक भाड्याची गाडी सांगून ठेवली. हा खर्चही हिशोबात धरला पाहिजे, नाहीतर स्वस्त वाटणारी दुरुस्ती महाग पडते.

काम झाल्यावर सगळे दिवे आणि वायपर लावून पुन्हा मोजले, १४.१ व्होल्ट. काढलेले जुने भाग मागून घेतले, बिलावर प्रत्येक भागाचे नाव लिहून घेतले आणि सहा महिन्यांची हमी घेतली. आता चालकभाऊ दर सोमवारी पट्टा, व्होल्ट आणि तेलाची गळती पाहून वहीत नोंद करतात.

उरलेले रु. ५,६०० गाडीच्याच खात्यात राखून ठेवले आहेत. सील पुन्हा गळले किंवा वाइंडिंग काळे पडले, तर दुसऱ्यांदा दुरुस्ती करायची नाही, त्या पैशांत भर घालून नवाच आल्टरनेटर घ्यायचा, असे समितीने ठरवले आहे. बिल आणि नोंदवही कार्यालयात आहे. आपण कधीही येऊन पाहावी.